दारात जोड किती?

मयेकरभाऊ कुणाच्याही दारात गेले की आधी माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, चपलांकडे बघत. पायातल्या नव्हे, दारात काढून ठेवलेल्या. चष्मा कपाळावर सरकवून, कमरेत वाकून, एकेक जोड निरखत. एखादी चप्पल उलटी करून तिचा तळही बघत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, या गृहस्थांची चप्पल देवळातून चोरीला गेलेली दिसते आणि बिचारे अजून शोधतायत.

पण हेच त्यांचं काम होतं. रत्नागिरीत आमचा एक लहानसा न्यास होता. गलबतांच्या धंद्यात कमावलेल्या एका निपुत्रिक गृहस्थानं मरताना आपली मिळकत जिल्ह्यातल्या वाचनालयांसाठी, भजनी मंडळांसाठी, महिला मंडळांसाठी ठेवली होती. तिच्यातून कुणाला काय द्यायचं ते विश्वस्त ठरवत. त्यांचे अध्यक्ष कौलांचे व्यापारी. कचेरीत माणसं दोनच. भाऊ गावोगाव जाऊन पाहणी करणार आणि मी टाइपरायटर बडवणार. ऐंशी सालानंतरचे दिवस. मी लग्न होऊन दापोलीहून नुकतीच आले होते आणि या गावात मला सगळ्याचंच नवल वाटे. भाऊंचं सर्वांत जास्त.

अर्ज आला की मी तो वाचून दाखवत असे. ‘समाजाच्या सर्वांगीण उन्नतीसाठी’ वगैरे. भाऊ डोळे मिटून ऐकत आणि शेवटी म्हणत, “लिवलंय झकास. पण दारात जोड किती?”

त्यांचं शास्त्र साधं होतं. दारात एकच जोड दिसला, तर सेक्रेटरी एकटाच आत डुलक्या काढतोय, संस्था बंद समजावी. जोड पुष्कळ पण सगळे चकचकीत, तर गावातली बडी मंडळी फोटोपुरती जमलीत. अंगठा तुटलेला, सुतळीनं बांधलेला जोड दिसला की भाऊंचा चेहरा खुले. त्यांचे अहवाल मी अजून विसरलेले नाही. एका वाचनालयाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, “जोड अकरा. चार शाळकरी. एकाची डावी टाच फार झिजलेली. म्हणजे लंगडणारा माणूस जिना चढून वर येतो. कपाट द्यावे.” बस्स. विश्वस्तांनी मुकाट्यानं कपाट दिलं.

अर्थात चपलांची ही कीर्ती तालुक्यात पसरायला वेळ लागला नाही. आत डोंगराकडच्या एका गावातल्या नमन मंडळाला मृदंग हवा होता. भाऊ येणार असं कळल्यावर मंडळींनी देवळापुढं चपलांची रास लावली. भाऊ वाकले. एका चपलेत कोळ्यानं जाळं विणलं होतं. दुसरीत गवताचं पातं उगवलेलं. भाऊ शांतपणे म्हणाले, “या चपलांतले पाय जरा बोलवा बघू.”

गावचे मानकरी, गावकार, ओशाळले. “पाय मुंबईला हायत, भाऊ. गिरणीत नि गोदीत. शिमग्याला येतात नि नाचतात. आता कुठनं आणू?”

मला वाटलं, झालं, नामंजूर. पण भाऊंनी मृदंग देण्याची शिफारस केली. मी कारण विचारलं तर म्हणाले, “माणूस कायमचा जायचा असला तर चपला घरी ठेवून जाईल काय? ठेवल्यान म्हंजे परत येणार.”

अशा माणसाच्या घरी कसं असेल, याची मला फार उत्सुकता होती. शहराबाहेर शिरगावला त्यांचं भाड्याचं घर. घरचं ते बोलत नसत. एवढंच ठाऊक होतं, की दर पावसाळा संपला की त्यांच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बायकी चपला निघत. आमच्याकडे पावसात चामड्याला बुरशी धरतेच. भाऊ त्या स्टँडजवळच्या चप्पलवाल्याकडे नेऊन टाके घालून घेत, तेल लावून घेत आणि शेजारी बसून तो हात कसा चालवतो त्यावर लक्ष ठेवत.

“वहिनी स्वतः का येत नाहीत कधी बाजारात?” मी एकदा विचारलं.

“तिला ऊन सोसत नाय,” भाऊ म्हणाले आणि पिशवीचे बंद आवळत बसले. मी मनात म्हटलं, फारच नाजूक दिसतात वहिनी.

मग हलिमाबींचं प्रकरण झालं.

जयगडच्या बाजूला खाडीकाठी त्यांचं गाव. घरात त्या बायकांना शिवण शिकवत. तीन मशिनं मिळावीत म्हणून अर्ज होता. भाऊ जाऊन आले आणि एका ओळीत अहवाल दिला, “दारात एकच जोड, तोही पुरुषाचा. देऊ नये.” मी नकाराचं पत्र टाइप करून टपालात टाकलं.

आठव्या दिवशी हलिमाबी कचेरीत हजर. साठीच्या, ठेंगण्या, डोक्यावरची ओढणी घट्ट धरलेली. दारात थांबल्या, पायातल्या चपला काढल्या आणि हातात घेऊन सरळ भाऊंच्या टेबलापाशी आल्या.

“ह्यो माझा जोड. मोजा,” असं म्हणून त्यांनी चपला टेबलावर ठेवल्या.

भाऊ उठून उभे राहिले. “बसा, बाई.”

“बसायला नाय आले. तुमी पुढल्या दारात बगलात. पुढल्या पडवीत आमचा म्हातारा बसतो, तो जोड त्याचा. त्याच्या समोरनं बायका कशा येतील? त्या मागल्या दारानं येतात, विहिरीकडनं. तिकडं बगलात?”

“नाय बगितलं,” भाऊ म्हणाले.

“एकवीस बाया हायत. वरच्या वाडीतल्या कुळवाड्यांच्या सुना पण येतात. मशीन एक. पाळी लावून शिवतात. कुणाचा नवरा बोटीवर, कुणाचा दुबईत, कुणाचा मुंबईत. पहिल्यांदा चार घरची ईदची कापडं शिवून द्यायचं कबूल करून बसल्यात. आता तुमी लिवता, वर्सभर परत अर्ज करू नका. वर्सभर कोण थांबतं? एकदा बाई घरात बसली का बसली.”

भाऊंनी माझ्याकडे पाणी मागितलं. हलिमाबींनी टेबलावरच्या चपला उचलल्या आणि आल्या तशा निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊ पहिल्या एस.टी.नं खाडीकाठी गेले आणि या खेपेला मागच्या दाराशी उभे राहिले. परत आले ते कधी नव्हे तो दोन पानी अहवाल घेऊन. पण अडचण होती. नामंजूर अर्ज वर्षाच्या आत पुन्हा घ्यायचा नाही, असा नियम. कचेरीची चूक असेल आणि ती लेखी कबूल केली असेल, तरच घेता येई. अध्यक्ष तर कधीपासून टपलेलेच होते. “चपला बघून मदत देतात काय कुठं? फॉर्म छापा, सह्या घ्या, संपलं,” हे त्यांचं पालुपद.

मी भाऊंना वाट काढून दिली. “लिहूया, की त्या दिवशी वर्गाला सुट्टी होती. कुणाची चूक नको आणि काही नको.”

“नाय, ताई. लिवा. पाहणी चुकली. मयेकरांनी पुढचं दार बघितलं नि परत आले. मागचं बघितलं नाही.”

मी ते टाइप केलं. तीनदा कागद चुकला.

बैठकीत अध्यक्षांनी ते पत्र वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, “मयेकर, इतकी वर्षं चपला बघताय. अशी किती मागची दारं राहिली असतील हो?”

मला अध्यक्षांचा संताप आला. पण प्रश्न खोटा नव्हता.

“तेच मोजतोय, साहेब,” भाऊ म्हणाले. “पण माझ्या चुकीची शिक्षा त्या बायांना नको.”

मशिनं मंजूर झाली. त्याच बैठकीत असंही ठरलं की यापुढं चार पानी छापील फॉर्म आणि ग्रामसेवकाची सही, पाहणी बंद. भाऊंनी दोन महिन्यांत नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशीही जाताना कचेरीच्या दारातल्या माझ्या चपलांकडे बघून म्हणाले, “टाच झिजलीय. घरनं लांब चालत येता वाटतं.” तीन वर्षांत हे मला घरच्या कुणी विचारलं नव्हतं.

ईद होऊन गेल्यावर हलिमाबी पुन्हा आल्या. या वेळी चपला दारात ठेवून. पिशवीतून त्यांनी निळ्या फुलांचे उशीचे दोन अभ्रे काढले. नव्या मशिनीवरचं काम. “भाऊंना द्या. घरी कोण कोण म्हणून विचारलं तर बोलले, आमी दोघंच. म्हणून दोन शिवलेत.”

रविवारी दुपारी मी शिरगावला गेले. दारात दोन जोड होते. एक भाऊंचा. शेजारी बायकी चामडी जोड, नीट जुळवून ठेवलेला. माझ्या चपला शेजारी काढताना सवयीनं मी वाकले. इतकी वर्षं भाऊंचं बघून मलाही ती खोड लागली होती. धूळ कणभर नव्हती. टाके ताजे, तेलाचा हात नुकताच फिरलेला. पण त्या चपलांचा तळ कित्येक दिवसांत जमिनीवर घासला गेला नव्हता.

“वहिनी,” मी हाक मारली.

भाऊ सूप हातात घेऊन बाहेर आले. तांदूळ निवडत होते.

“ती नाय, ताई.”

“बाहेर गेल्या?”

“वारली, त्याला दहा वर्षं झाली.”

मी अभ्रे पुढं केले. भाऊंनी सूप खाली ठेवलं, हात धोतराला पुसले आणि दोन्ही अभ्रे उलगडून बघितले.

“ईदची कापडं झाली वेळेवर?”

“झाली. आता बावीस जणी येतात.”

“मागल्या दारानं?”

“मागच्या दारानंच.”

भाऊ समाधानानं हसले. मग माझी नजर पुन्हा दाराकडे गेलेली त्यांना दिसली.

“एकच जोड बरा दिसत नाय दारात,” ते म्हणाले. “मीच इतक्या लोकांना सांगितलंय, एक जोड म्हंजे बंद.”

ते चहा ठेवायला आत वळले. जाता जाता उंबऱ्याशी थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून बघितलं.

“आज तीन आहेत,” ते म्हणाले.

मला चारची एस.टी. गाठायची होती. मी बसले.