साडूकडचा तिसरा मुद्दा

पाळकांच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचं सभागृह दिसायचं, आणि दुर्दैवानं ते दर रविवारी भरायचंही. तिथे त्यांच्या साडूनं नवं चर्च काढलं होतं. दोघेही पेन्टेकॉस्टल पंथाचे, दोघांचा बाप्तिस्मा एकाच टाकीतला, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. पण साडूकडे ड्रम होते, रंगीत दिवे होते, गाण्यांच्या वेळी व्यासपीठावर धूर सोडणारं यंत्र होतं आणि उपासनेनंतर फुकट कॉफी होती. पाळकांकडे शिकवण होती.

"पवित्र आत्म्याला धुराचं यंत्र लागत नाही," पाळक जेवता जेवता म्हणाले.

"नाही लागत. पण तुम्हाला का एवढं लागलंय?" पाळकीणबाईंनी विचारलं.

"मला काय लागायचंय? मला सिद्धांताची काळजी. पद्धतीच्या नादी लागलं की शिकवण पातळ होते."

"आज आपल्याकडे किती माणसं होती?"

"आकड्यांचा काय संबंध?"

"म्हणजे कमीच होती."

पाळकांनी ताट पुढे सारलं. गेल्याच महिन्यात त्यांचे पेटी वाजवणारे काका तिकडे गेले होते. कारण विचारलं तर म्हणाले, "तुमचं सगळं बरोबरच आहे हो, पाळक. पण तिकडे बरं वाटतं." बरोबर असूनही हरणं पाळकांना सोसवेना. साडूच्या शिकवणीत नक्की खोट असणार, नाहीतर एवढी गर्दी होईलच कशी? ती खोट स्वतःच्या कानांनी ऐकायची असं त्यांनी ठरवलं.

संध्याकाळच्या उपासनेला त्यांनी कानटोपी चढवली, जुना काळा चष्मा लावला आणि बायकोला सांगितलं, "जरा पाय मोकळे करून येतो." चालतच जायचं होतं, तेव्हा हे खोटंही नव्हतं.

दारातच एका हसऱ्या मुलीनं त्यांना हेरलं. "काका, पहिल्यांदाच आलात? अंगात ताप आहे का? कानटोपी घातलीय म्हणून विचारलं. या, पुढे बसा, पास्टर तुमच्यासाठी प्रार्थना करतील!" पाळकांना मागचा कोपरा हवा होता, मिळाली पहिली रांग, धुराच्या यंत्राला खेटून.

गाणी संपली. साडू बोलायला उभा राहिला. पाळकांनी कान टवकारले. पश्चात्तापावरचं पहिलं वाक्य बिनचूक. दुसरंही बिनचूक. तिसऱ्याला पाळक पुढचं वाक्य मनातल्या मनात बोलून मोकळे झाले, आणि साडूनं नेमकं तेच उच्चारलं. हा त्यांचाच संदेश होता! मागच्या महिन्यात स्वतःच्या मंडळीला दिलेला, मुद्द्यांसकट, सासूबाईंच्या विनोदासकट. त्यांच्याकडे त्या विनोदावर कुणी हसलं नव्हतं. इथे लोक पोट धरून हसत होते. आणि तिसऱ्या मुद्द्याला तर चक्क रडू लागले.

चोरीपेक्षा त्या अश्रूंनीच पाळकांचा जास्त जळफळाट झाला. ते ताडकन उठले. "हा संदेश माझा आहे!" असं त्यांना गरजायचं होतं. पण तोंड उघडलं आणि यंत्रानं भस्सकन धुराचा लोट सोडला. "हा... हा... हा..." एवढंच बाहेर पडलं, मग खोकल्याची उबळ, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हवा शोधत ते धडपडत पुढे गेले ते थेट व्यासपीठाच्या पायथ्याशी गुडघ्यांवर.

"बघा! पहिला जीव पुढे आला!" साडू ओरडला. सभागृह गहिवरलं. मागून माणसांची रीघ लागली. दोघांनी पाळकांना काखेत हात घालून धरलं, साडूनं डोक्यावर हात ठेवला, कानटोपी घसरली.

"अरे देवा," साडू पुटपुटला. "भाऊ, तुम्ही?"

मागच्या खोलीत पाण्याचा पेला संपवून पाळकांना वाचा फुटली. "चोर! माझा संदेश तुला मिळाला कुठून?"

"ताईंनी फोनवर पाठवला. दर आठवड्याला पाठवतात." साडूनं मान खाली घातली. "भाऊ, मला माणसं जमवता येतात. जमल्यावर त्यांना सांगायचं काय, ते तुम्हाला येतं. किती वर्षं जळतोय मी तुमच्यावर!"

कुणीतरी आपल्यावर जळतं हे ऐकून पाळकांना इतकं बरं वाटलं, की बायकोवर रागवायचंही राहून गेलं. भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, "तिसऱ्या मुद्द्याला रडले कसे रे? माझ्याकडे तर त्या वेळी घोरतात."

"तुम्ही तिथे तासाभरानं पोचता, भाऊ. मी पंधरा मिनिटांत पोचलो."

पुढच्या रविवारी पाळकांनी मन घट्ट केलं. ना ड्रम, ना धूर. फक्त संदेश आटोपशीर. वीस मिनिटांत तिन्ही मुद्दे मांडून त्यांनी मोठ्या आशेनं समोर बघितलं. डोळे मात्र कुणाचेच ओलावले नव्हते. लोक एकमेकांकडे बघत होते. मंडळीतले सर्वांत जुने सभासद, निवृत्त मास्तर, काठी टेकत पुढे आले.

"पाळक, काळाप्रमाणे पद्धत बदला, आमची ना नाही. पण शिकवणीला हात लावायचा नाही."

"अहो मास्तर, शिकवण तीच आहे! तीच वचनं, तेच मुद्दे!"

"आम्हाला फसवता?" मास्तर म्हणाले. "तीच असती तर दीड तास लागला असता."