दाजींचा चष्मा आणि टाकीकाकांचा फोन

मोबाईलचा जमाना संपला, असं दाजींनी जाहीर केलं तेव्हा समोर बायको, सासूबाई आणि मेहुणा एवढाच जनसमुदाय होता. मेहुणा दाजी म्हणायचा म्हणून सगळी इमारतच त्यांना दाजी म्हणायची. त्या दिवशी दाजींच्या नाकावर नवा कोरा चष्मा होता. साधासुधा नव्हे! घरात बसल्या जागी समोर समुद्र उभा करणारा, हवेत बोट फिरवलं की पान उलटणारा आणि वर कानात गोड आवाजात बोलणारा.

"खिशात डबी घेऊन हिंडायचे दिवस गेले," दाजी म्हणाले. "दोन वर्षांत मोबाईल भंगारवालासुद्धा घेणार नाही. लिहून ठेवा!"

बोलण्यात दम आहे हे दाखवायला त्यांनी आपला मोबाईल तिथल्या तिथे सासूबाईंना देऊन टाकला. सासूबाईंनी तो लगेच उशीखाली सरकवला. जावयाचं मन कधी फिरेल सांगता येत नाही.

बायकोला या जमान्याबिमान्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला डोंगरावर जायचं होतं. लग्न झाल्यापासून जायचं होतं, आणि दरवेळी दाजींचं काहीतरी लचांड निघायचं. या खेपेला सुटी मिळाली होती, फक्त खोली ठरवायची राहिली होती. नेमकी त्याच आठवड्यात इमारतीची सभा लागली. इमारतीचे सचिव टाकीकाका, ज्यांचं निम्मं आयुष्य गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी गेलं, ते पद सोडणार होते. त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. आता नवा बकरा हवा होता, आणि जो सापडेल त्याला टाकीच्या दुरुस्तीपायी पुढचा महिनाभर इमारत सोडता येणार नव्हती.

"सभेला जा," बायकोने बजावलं, "पण तोंड उघडू नका आणि हात वर करू नका. मला डोंगर बघायचाय."

"अगं, मी काय दूधखुळा आहे?" असं म्हणून दाजी चष्मा लावून खाली उतरले.

सभा गाड्या लावायच्या जागेत होती. दाजींनी शेवटच्या रांगेतली खुर्ची धरली. टाकीकाकांनी गळक्या पाइपांचा इतिहास काढला, तसा दाजींनी मनाशी विचार केला की तोवर खोलीच बघून घेऊ, बायको खूश होईल. चष्म्यात डोंगर उभा राहिला. कानात पाखरं किलबिलू लागली आणि टाकीकाका ऐकू येईनासे झाले.

खोली झकास होती. गॅलरीतून काय दिसतं ते बघायला हात वर करायचा होता. दाजींनी केला.

नेमकं त्याच क्षणी टाकीकाकांनी विचारलं होतं, की सचिव व्हायला कोण तयार आहे. सगळ्या माना एकदम मागे वळल्या. टाकीकाकांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. भला माणूस, त्यांनी पुन्हा विचारलं, की दाजी, महिनाभर कुठे जाता येणार नाही, चालेल ना? दाजी दरीकडे बघत समाधानाने मान डोलावत होते. नक्की ना, असं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा दाजींनी खोली पक्की करायला अंगठा वर केला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाकीकाका किल्ल्यांचा जुडगा घेऊन दाजींकडे धावले. दाजींना काय दिसलं, तर हिरव्यागार डोंगरातून एक टक्कल जवळ येतंय. मध्येच केसांच्या तेलाची जाहिरात घुसली असं समजून त्यांनी ती हाताच्या एका फटकाऱ्याने बाजूला सारली. टाकीकाकांचा साधा चष्मा उडून तिसऱ्या रांगेत पडला.

दाजींनी आपला चष्मा काढला. डोंगर गेला आणि समोर सगळी इमारत दात काढून उभी होती.

"सचिव असाच खमक्या हवा," मागून कोणीतरी म्हणालं.

दाजींनी माफी मागितली, किल्ल्या नाकारल्या, गयावया केली. शेवटी हुकमाचं पान टाकलं. "पण काका, मी मोबाईल सोडलाय. रात्री-अपरात्री टाकी वाहिली तर मला गाठणार कसे?"

"त्याची काळजी नको," टाकीकाका म्हणाले आणि खिशातून रबरबँड लावलेला, बटणांचा जुना फोन काढून त्यांनी दाजींच्या हातावर ठेवला. "हा इमारतीचाच आहे. बंद मात्र कधी करायचा नाही."

 बायकोने घरी सरळ बॅग भरली. खोली तर पक्की झालीच होती, मग आईला घेऊन ती डोंगरावर गेली. पोचल्यावर तिने दाजींना फोन केला, सासूबाईंना बक्षीस मिळालेल्या त्याच मोबाईलवरून. दरी फार सुंदर आहे म्हणाली. "तुम्ही हवे होतात हो," असंही म्हणाली, आणि गच्चीवर टाकीला टेकून उभ्या असलेल्या दाजींनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. फोनमध्ये तिच्यामागे पाखरं किलबिलत होती, पण ही खरी होती.

संध्याकाळी मेहुणा डबा घेऊन आला. त्याने आधी टाकीकडे पाहिलं, मग दाजींच्या चिखलाने माखलेल्या पायांकडे.

"काय दाजी, मोबाईलचा जमाना संपला ना?"

उत्तर दाजींच्या अगदी ओठांवर होतं. पण तेवढ्यात फोन वाजला.