मिरवणुकीची पुढची गाडी

"दाराला आणखी एक भोक पाडलंत, तर आज त्या गाडीतच जेवा आणि तिथंच झोपा," असे बजावून थोंगमुआनने चिकट भाताची टोपली ओसरीवर आपटली आणि ती आत निघून गेली. खामपुन गाडीच्या दारापाशी उकिडवा बसला होता. त्याच्या तोंडात स्क्रू होते.

वास्तविक प्रारंभ अगदी माफक होता. खामपुनच्या पिकअपमध्ये कंपनीनेच बसवून दिलेले दोन स्पीकर होते. धुळीने आणि उन्हाने त्यांचे कागदी पडदे असे विटले होते की बातम्या देणारी बाई आणि मोलामची लोकगीते गाणारा बुवा, दोघांनाही कायमचे पडसे झाल्यासारखे वाटे. खामपुनची त्याबद्दल तक्रार नव्हती. परंतु एकुलता एक मुलगा पातिफान वर्षावासापूर्वी भिक्खूदीक्षा घेणार असे ठरले आणि मिरवणुकीच्या अग्रभागी कोणाची गाडी राहणार हा प्रश्न घरात उभा राहिला.

गावातल्या प्रत्येक दीक्षेला थोंगमुआनचा धाकटा भाऊ बुनलर्त याचीच गाडी पुढे असे. मागच्या हौद्यात भिंतीएवढे स्पीकर, त्यांच्याजवळ जनरेटर, आणि टपावर काळा चष्मा लावून स्वतः बुनलर्त.

"दाजी, भाच्याची मिरवणूक आहे. मी दमडी घेणार नाही," बुनलर्त म्हणाला.

"दमडीचा प्रश्न नाही. पोरगा माझा आहे. पुढची गाडी बापाची असायला हवी."

"असू दे की! पण आवाज कोण काढणार, तुम्ही? तुमच्या रेडिओला तर डांग्या खोकला झालाय."

हे वाक्य खामपुनला लागले. तो तंत्रशाळेत शिकला होता. कालव्याच्या पंपघरावर त्याने सारी नोकरी केली आणि भर उन्हाळ्यातही एकही पंप बंद पडू दिला नाही. दुसऱ्याच दिवशी तो तालुक्याच्या गावी हेंगच्या दुकानात गेला आणि पद्धतशीरपणे कामाला लागला.

हेंगने दारांत नवे, वजनदार स्पीकर बसवले. "काका, आवाज एकदम खणखणीत. फक्त काच आता खाली येणार नाही."

"का?"

"मागचं चुंबक मोठं आहे, ते काचेच्या वाटेत येतं. स्पीकर पुढं घेता येईल, पण मग तुमच्या गुडघ्याला लागेल. गुडघा ठेवू की काच?"

"बाकीची गिऱ्हाइकं काय करतात?"

"काच सोडतात."

खामपुनने काच सोडली. आवाज खणखणीत झाला तसे दारांचे पत्रे थरथरू लागले, म्हणून दारांना आतून डांबराचे जाड थर चिकटवले. मग छप्पर थरथरू लागले. परंतु छपराच्या आतल्या कापडावर, चालकाच्या डोक्याच्या वर, गाडी घेतली तेव्हा विहारातल्या भंतेजींनी पांढऱ्या चूर्णाने मंगल ठिपके काढले होते, आणि त्यांना हात लावायचा नाही अशी थोंगमुआनची ताकीद होती. त्यामुळे छप्पर तसेच राहिले. प्रत्येक ठोक्यासरशी खामपुनच्या केसांवर थोडेसे मांगल्य गळू लागले.

काचा बंद आणि दारे डांबरलेली, अशा स्थितीत आतला आवाज बाहेर जाईना. मिरवणूक मात्र बाहेर असते. हे ध्यानात आल्यावर हौद्यात स्पीकरची लाकडी खोकी चढली. खोक्यांसाठी मोठा अ‍ॅम्प्लिफायर आला. तो विजेचा अधाशी निघाला, म्हणून दुसरी बॅटरी आली. या साऱ्या वजनाने गाडीचे बूड खाली बसले, म्हणून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पट्टी घातली. शेवटी डॅशबोर्डवर विजेचा दाब दाखवणारा लहानसा मीटर बसवून खामपुनने चाचणी घेतली. महामार्गावरून गाडी भरधाव नेली, गाणे पूर्ण आवाजात लावले. मीटरचा आकडा तसूभर हलला नाही. शेतातली बदके मात्र बांध ओलांडून पळाली.

"बघितलंस?" घरी आल्यावर तो म्हणाला. "बुनलर्तचा जनरेटर झक मारतो."

"बघितलं," थोंगमुआन म्हणाली. "डोकं धुवून घ्या. पीठ सांडल्यागत दिसतंय."

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी पातिफान मुंडण करून, पांढरी वस्त्रे नेसून मित्रांच्या खांद्यावर बसला. दीक्षेपूर्वी उमेदवार हा 'नाग' असतो आणि त्याचे पाय जमिनीला लागू द्यायचे नसतात. पुढे खामपुनची गाडी, मागे नाचणारा गाव, मध्ये छत्रीखाली नाग. सर्वांच्या शेवटी बुनलर्तची गाडी होती. ती म्हाताऱ्यांना बसायला आणली आहे असे थोंगमुआनने सांगितले होते. तिच्या हौद्यात खरोखरच चटयांवर म्हाताऱ्या बसल्या होत्या आणि त्यांच्या पाठीशी ताडपत्रीने झाकलेले काहीतरी होते.

आवाज अप्रतिम लागला. एरवी मिरवणुकीच्या मागे लागणारी गल्लीतली कुत्री घाबरून विहाराच्या आवारापर्यंत आलीच नाहीत. बंद काचांच्या आत खामपुन घामाने निथळत होता, पण सुखात होता.

चूक एकच झाली होती, आणि ती मीटरने त्याच्या नजरेस आणून दिली. गाडी भरधाव असताना तिचा डायनॅमो भरपूर वीज देतो. मिरवणूक मात्र भरधाव जात नाही. ती दोन पावले पुढे नाचते, एक पाऊल मागे नाचते आणि ज्या घरातून तांदळाची दारू बाहेर येते त्या घरापुढे थांबते. इंजिन सकाळभर नुसते गुरगुरत होते आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही बॅटऱ्या पीत होता. आकडा हळूहळू उतरू लागला. गाणे बंद केले असते तर निभावले असते. पण टपावर काळा चष्मा लावलेला मेहुणा आरशात दिसत असताना गाणे कोण बंद करील?

दीक्षागृहाभोवतीच्या तीन प्रदक्षिणांपैकी दोन पार पडल्या. तिसरीत, दीक्षागृहाच्या बरोबर मागच्या बाजूला, गाणाऱ्या बुवाचा सूर जड झाला, मग तो म्हशीसारखा हंबरला आणि थांबला. पाठोपाठ इंजिनला डिझेल सोडणाऱ्या झडपेची वीज संपली आणि गाडीही थांबली.

तिथे वाट अरुंद होती. एका बाजूला दीक्षागृहाचा चौथरा, दुसऱ्या बाजूला कुंपणाची भिंत. खोकी दोन्हीकडे बाहेर आलेली असल्यामुळे गाडी त्या वाटेत बुचासारखी बसली. नाग आणि त्याची छत्री तर सोडाच, कोंबडीही पलीकडे गेली नसती.

खामपुन खाली उतरला. गावातले लोक मदतीला धावले आणि दारूच्या प्रमाणात सल्ले देऊ लागले.

"ढकलून चालू करा!"

"होणार नाही. झडपेला वीजच नाही."

"मग मागं घ्या, दुसऱ्या बाजूनं फिरू!"

हे ऐकून भंतेजी दीक्षागृहाच्या खिडकीत आले. "उलटी प्रदक्षिणा प्रेताला घालतात. मुलगा जिवंत आहे ना?"

"आहे, भंतेजी," खांद्यावरून पातिफान म्हणाला. "पण ज्यांच्या खांद्यावर बसलोय ते मरायला टेकलेत."

"लवकर काय ते करा. दीक्षा देणाऱ्या उपाध्याय भंतेजींना इथून पुढच्या गावी जायचंय. ते गेले तर दीक्षा पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! मुलाने कारखान्यातून मिनतवारीने रजा मिळवली होती. थोंगमुआन या दिवसासाठी कित्येक वर्षे थांबली होती. सारे बापाच्या एका हट्टापायी वाटेत अडकले होते. पुरुषांनी गाडीला खांदे लावले, पण निम्मे ढकलत होते आणि निम्मे अजून नाचत होते. गाडी वीतभर हलली. चाक सरळ धरण्यासाठी खामपुन पुन्हा आत बसला, त्याने दार ओढून घेतले आणि डोळे मिटले.

तोच गाणे सुरू झाले. खणखणीत, छातीवर आदळणारे.

क्षणभर खामपुनला धन्य वाटले. मग त्याने मीटरकडे पाहिले. मीटर पूर्ण मेलेला होता. पुण्याईवर त्याची श्रद्धा होती, पण पुण्याईने अ‍ॅम्प्लिफायर चालतो असे तंत्रशाळेत कोणी शिकवले नव्हते. त्याने आरशात पाहिले. ताडपत्री निघाली होती, म्हाताऱ्या चटया घेऊन खाली उतरल्या होत्या, आणि गर्दी दुभंगून बुनलर्तची गाडी गात गात त्याच्या पाठीशी येत होती. दोन्ही गाड्यांच्या मध्ये थोंगमुआन जुना टायर धरून उभी होती.

बुनलर्त टपावरून उतरून काचेजवळ आला. काच खाली येईना म्हणून खामपुनने दार किलकिले केले.

"दाजी, गिअर काढा, ब्रेक सोडा. मी मागून रेटतो."

"तू पुढं जा, बुनलर्त. मी हरलो."

"पुढं कुठून जाऊ, तुमच्या डोक्यावरून? आणि पुढची गाडी बापाचीच असते. बसा गुमान, चाक सांभाळा."

टायर मध्ये दाबला गेला आणि खामपुनची मुकी गाडी मेहुण्याच्या गाण्यावर सरकू लागली. तिसरी प्रदक्षिणा उजवीकडूनच पूर्ण झाली. पातिफान खांद्यांवरूनच दीक्षागृहाच्या दारात उतरला, तेव्हा उपाध्याय भंतेजी आपली छत्री उचलून निघायच्या बेतात होते. त्यांनी ती परत कोपऱ्यात ठेवली.

संध्याकाळी खामपुनने विचारले, "तुझा माझ्यावर भरवसा नव्हता?"

"तुमच्यावर होता," थोंगमुआन म्हणाली. "त्या खोक्यांवर नव्हता."

चार दिवसांनी शेजारच्या गावचा सावेंग नावाचा गृहस्थ घरी आला. त्या वेळी थोंगमुआन कच्च्या पपईची कोशिंबीर कुटत होती आणि बुनलर्त ती कुटून होण्याची वाट पाहत बसला होता.

"खामपुनभाऊ, आमच्या पोराचीही दीक्षा आहे. तुमचीच गाडी पाहिजे."

"माझी?"

"मग कुणाची? पुढं तुमचीच होती ना! काय आवाज, भाऊ! कसलाही धूर नाही, इंजिनची घरघर नाही, गाडी अशी हंसासारखी आली. आमच्याकडची माणसं अजून तेच बोलतायत."

खामपुन सत्यवचनी माणूस होता. त्याने डायनॅमो, इंजिनचा वेग आणि विजेचा दाब यांविषयी समजावून सांगण्यास प्रारंभ केला. सावेंग आदराने मान डोलावत राहिला, आणि शेवटी त्याने विचारले, "म्हणजे देताय ना?"

खामपुनने बायकोकडे पाहिले. तिने मान वर केली नाही. त्याने मेहुण्याकडे पाहिले. बुनलर्तने काळा चष्मा खिशातून काढून डोळ्यांवर चढवला.

"देतो," खामपुन म्हणाला. "पण तिच्या मागोमाग दुसरी एक गाडी येईल."

"ती कशाला?"

"तांत्रिक कारण आहे," खामपुन गंभीरपणे म्हणाला.