दंडाचं माप

डोणगावात शर्ट शिवायला टाकायचा म्हटलं, की सत्तारचाचा आधी गळा किंवा छाती मोजत नाहीत. ते गिऱ्हाइकाचा दंड दाबतात आणि विचारतात, "काल वरण खाल्लं होतं का?"

उत्तर काहीही आलं तरी वहीत लिहितात. माझ्या पानावर छाती छत्तीस, बाही तेवीस, 'वरण पातळ' अशी नोंद आहे.

"भाकरीनं पोट भरते, अंग नाही भरत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अंगाला प्रोटीन लागतं; ते डाळीत आहे, फुटाण्यात आहे, दह्यात आहे, खाणाऱ्यासाठी अंड्यात आहे. चतुर्थीला साबुदाणा खाऊन आलेल्या तलाठ्याला ते म्हणाले, "साबुदाण्याची खळ कपड्याले चांगली, साहेब. तुम्हाले काऊन पाह्यजे?"

एका नवरदेवाचा कोट त्यांनी पंधरा दिवस कापलाच नाही. बाप भांडायला आला.

"कोट शिवतो हो, पण खांदे कोठून आणू? रोज मूठभर फुटाणे द्या याले."

लग्नात कोट झकास बसला. खांद्यांत कापूस भरला होता, हे चाचांनी फक्त मला सांगितलं. फुटाण्यांचं नाव खराब व्हायला नको.

मी खामगावला शाळेत शिकवतो. वडील गेल्यापासून आई डोणगावात एकटीच असते. दिवाळीआधी चाचांचा फोन आला.

"मास्तर, वहिनींनी ब्लाउज आत घ्याले टाकले. वर्षात दुसऱ्यांदा. जेवून काय राह्यल्या, पाहा जरा."

रविवारी गेलो. घरात भाकरी आणि ठेचा होता.

"एकटीसाठी काय वरण शिजवू बाप्पा?" आई म्हणाली.

डॉक्टरांना दाखवलं. आजार नव्हता, ताटात डाळ नव्हती.

संध्याकाळी ब्लाउज आणायला गेलो आणि चाचांचे आभार मानले. त्यांनी मशीन थांबवली.

"माह्या घरची बारीक होत गेली, तवा मी तिचे कुर्ते आत घेत राह्यलो. दर सालाले अर्धा इंच. सगळ्यायले वाढून तिच्यासाठी डाळ उरेच ना. गेली बिचारी. माप माह्याच हाती होतं, मास्तर. मी नुसता फिटिंग पाहत बसलो."

मग त्यांनी आईच्या ब्लाउजची बाही उलटी केली. जास्तीचं कापड कापलेलं नव्हतं. आत बोटभर माया तशीच ठेवली होती.

"कच्ची टीप मारली. दंड भरला, की उसवून देईन."

संक्रांतीच्या आधी आई ते उसवायला घेऊन गेली. चाचा बराच वेळ मान खाली घालून चष्मा पुसत होते, म्हणे. टीप काही सापडत नव्हती.