दहा सेकंद

थोरल्याने टेबलावर जाड पुस्तकांची चळत रचली, तिच्यावर वडिलांचा जुना कॅमेरा ठेवला आणि डोळा लावून पाहिलं. खुर्चीत आई. तिच्यामागे धाकटा, खिडकीकडे तोंड करून. वडील गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. त्यांचं पाहून त्यांच्या बायकांनीही बोलणं टाकलं होतं. आत्ताही एक स्वयंपाकघरात होती, दुसरी बाहेरच्या खोलीत.

आईने मात्र हट्टच धरला होता. "ह्यांच्या कॅमेऱ्यात एकच फोटो उरलाय. तो आपल्या तिघांचा हवा. खांद्यावर हात ठेवून."

थोरल्याने कॅमेऱ्याची पुढची कळ वळवली. दहा सेकंदांनी फोटो आपोआप निघणार होता. करकर सुरू झाली. तो धावत खुर्चीमागे गेला आणि परक्याच्या सामानाला लावावा तसा धाकट्याच्या खांद्याला हात लावला.

करकर मध्येच थांबली.

"बंद पडला," धाकट्याने भिंतीला सांगितलं.

"हलू नका रे," आई म्हणाली. "कुठल्याही क्षणी निघेल. शेवटचाच आहे, वाया नाही घालवायचा." आणि मिटल्या ओठांनी तिने जप सुरू केला.

मिनिट गेलं. आतून दूध करपल्याचा वास आला. दाराची घंटा वाजली. दोघी जावांपैकी कुणी उघडायचं हे न ठरल्याने ती वाजतच राहिली. धाकट्याच्या नाकावर माशी बसली. थोरल्याने मान न वळवता हळूच फुंकर मारली. माशी उडाली.

"मला त्या दिवशी फोन का नाही केलास?" ओठ न हलवता धाकट्याने विचारलं.

"केला होता. तीनदा."

"थापा नको मारूस."

"तुझ्या जुन्या नंबरावर केला. नंतर लक्षात आलं. मग सांगायची लाज वाटली."

"चार वर्षं?"

"वाटत राहिली."

"अरे दादा, सगळं आटोपल्यावर पोचलो रे मी!" धाकट्याने पाय आपटला. टेबल हादरलं, करकर पुन्हा सुरू झाली आणि खट्‌कन फोटो निघाला.

फोटो धुऊन आला. धाकट्याचं तोंड उघडं, थोरल्याचा हात डोळ्यांशी, दोघेही हलून पुसट झालेले. आई तेवढी स्पष्ट. शांतपणे समोर पाहणारी.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने कॅमेरा दुरुस्तीवाल्यापुढे ठेवला. "ही कळ मध्येच अडकते."

"ठाऊक आहे. गेल्या महिन्यात तुमच्या आई आल्या होत्या. म्हटलं, पाच मिनिटांत करून देतो. तर म्हणाल्या, 'राहू द्या. दर वेळी नक्की अडकते ना, तेवढं सांगा.'"

दुरुस्तीवाल्याने पेचकस उचलला. "मग आता करून टाकू?"

"नको," थोरल्याने कॅमेरा जवळ ओढला. "नवा रोल तेवढा भरून द्या. रविवारी दोघी जावांना उभं करायचंय."