पिठल्याच्या तसबिरीची बखर

श्री अन्नपूर्णामातेच्या पायी मस्तक ठेवून आणि चुलीच्या उबेस साक्षी ठेवून, जे डोळ्यांनी पाहिले व घड्याळ लावून मोजिले तितकेच येथे लिहितो. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणोन लिहितो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख शुद्ध पंचमी, रविवार, ते दिवशी या हकीगतीस आरंभ जाहला.

घाटाच्या पायथ्याशी एक राज्य होते. विस्तार चौदा मेजे. पूर्वेस मुदपाकखाना, पश्चिमेस हमरस्ता, उत्तरेस हात धुण्याचे बेसिन आणि दक्षिणेस गल्ला, तेथे राज्याचे धनी दाजीसाहेब विराजमान होत. धनीण इंदुमतीबाई कैलासवासी होऊन सहा वर्षे लोटली, परंतु राज्य उभारतेवेळी त्यांनी आपले नाव घालून घेतलेल्या वाट्या अद्याप पंक्तीत फिरत होत्या. मुदपाकखान्यात द्वारकाकाकूंचा अंमल. त्यांनी वाढलेले ताट म्हणजे शिरोभागी मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी. चाळीस वर्षांत एक फोड इकडची तिकडे जाहली नाही. आणि या राज्याचे मुखच म्हणावे ऐसे बाळकोबा. पाहुणा मेजाशी बसोन "काय आहे?" म्हणाला की बाळकोबा खांद्यावरचे फडके सावरीत आणि थालीपिठापासून आरंभ करून एकतीस पदार्थ एका श्वासात सांगत, शेवटचा नेहमी पिठलं-भाकरी. बखरकाराने सात वेळा मोजिले. सरासरी साडेअकरा सेकंद, आणि अनुक्रम एकदाही चुकला नाही.

ऐसे चालत असता ताईसाहेब केतकी, दाजीसाहेबांची कन्या, शहरी विद्या संपादून स्वराज्यी आल्या आणि दरबारी बोलल्या, "बाबा, लोकांना दिसल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक पदार्थाचा फोटो घालून मेन्यू छापू या." दाजीसाहेबांनी बाळकोबांकडे पाहिले. बाळकोबा म्हणाले, "ताई, मी सांगतो की सगळं." ताईसाहेब म्हणाल्या, "काका, तुम्ही सांगता, पण इतक्या वेगात की लोकांना पहिलं आणि शेवटचं तेवढं आठवतं." हे खरे होते, बखरकारानेही टिपून ठेविले होते. मग ठराव जाहला की चाळीस दिवस चित्रे चालवून पाहावी, आणि चित्रांनी काम भागले तर बाळकोबांनी कायमचे पार्सलच्या मेजावर बसावे. बाळकोबा "बरं" म्हणाले आणि फडके घडी करून कोनाड्यात ठेविते जाहले. मागाहून द्वारकाकाकूंस म्हणाले की, "पार्सल काय, कुणीही बांधील. बोलायचं काम गेलं तर मी इथे कशाला?"

मग चित्रे काढविली, मेन्यू छापून आला आणि चौदा मेजांवर विराजमान जाहला. आता जे बरे जाहले तेही लिहिले पाहिजे. दक्षिणेकडील एक बाई दोन मुलींसह आल्या, त्यांस मराठी ठाऊक नाही, त्यांनी थालीपिठावर बोट ठेविले आणि तिघी पोटभर जेवून संतोषे गेल्या. बाळकोबा पार्सलच्या मेजावरून ते पाहत होते आणि म्हणाले, "हे मात्र मला जमलं नसतं." मागणी देण्यास पूर्वी चार मिनिटे लागत ती सव्वा मिनिटावर आली. परंतु राज्यात आवाज राहिला नाही. पाहुणे येत, पाने उलटीत, बोट ठेवीत, "हे द्या" म्हणत आणि आपापल्या फोनात पाहत बसत. आणि दुसरे ऐसे की एकतीस पदार्थांपैकी दहांनाच मागणी राहिली, जे चित्रात रंगीत आले तेच. सर्वांत मोठा पराभव पिठल्याचा जाहला. द्वारकाकाकूंचे पिठले म्हणजे वरती लसणीची फोडणी चरचरत असता भाकरीसह समोर यावे आणि पाहुण्याने बोलणे सोडावे. परंतु चित्रात वास येत नाही आणि चरचर ऐकू येत नाही, तेथे नुसता पिवळा गोळा दिसे. पूर्वी दिवसास एकोणीस ताटल्या जात, त्या दोनावर आल्या, पैकी एक बाळकोबांची स्वतःची.

ऐसे सदतीस दिवस गेले. अडतिसाव्या दिवशी दुपारी एक साखरपुडा आटोपून बावीस माणसे राज्यात उतरली. नवऱ्या मुलाच्या आत्याबाई अग्रभागी. त्यांनी मेन्यू उघडिला, पहिल्याच पानावर थाळीचे मोठे चित्र, ते पाहून चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

"अगंबाई! हे ताट कुणी वाढलंय? चटणी उजवीकडे, भाज्या डावीकडे! ज्या बाईला ताट वाढता येत नाही तिच्या हातचं जेवायचं का आपण?"

हा शब्द मुदपाकखान्यात पोहोचला आणि द्वारकाकाकू हाती डाव घेऊन बाहेर आल्या. त्यांनी मेन्यू तोवर उघडूनही पाहिला नव्हता, "माझं मला ठाऊक आहे" ऐसे म्हणत. आता पाहिला.

"केतकी, हे मी वाढलेलं ताट?"

"हो काकू, तुम्हीच वाढलं होतं. फोटोच्या दिवशी."

"मी? उलटं?"

मग काकूंनी डाव गल्ल्यावर ठेविला, कमरेचा पदर सोडला आणि पायरीवर जाऊन बसल्या. "चाळीस वर्षांत हात चुकला असेल तर आता थांबलेलं बरं," इतकेच बोलल्या. दाजीसाहेब उठले, बसले, पुन्हा उठले. आमटी खाली लागू लागली. बावीस माणसे भुकेली. ताईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले, कारण ते ताट वाढताना त्यांनी जवळ उभे राहून पाहिले होते, आणि तरी चित्र समोर होते.

तेसमयी बाळकोबा पार्सलच्या मेजावरून उठले. मेन्यू डोळ्यांपाशी नेला, मग दूर धरिला, मग आमटीच्या वाटीवर बोट ठेविले. "ताई, हे वाचा बरं."

ताईसाहेबांनी वाचू पाहिले आणि वाचता येईना. वाटीवर धनीणबाईंचे नाव, परंतु अक्षरे आरशात दिसावी तैसी उलटी.

"ही वाटी मी सव्वीस वर्षं उचलतोय," बाळकोबा म्हणाले. "वहिनींचं नाव असं नाही. काकूंचं ताट सरळ आहे, चित्र उलटं छापलंय."

मग ताईसाहेबांस स्मरले की छापखान्याने विचारिले होते, ताट पानाच्या आतल्या अंगास वळलेले शोभेल, फिरवू का? आणि त्यांनी न पाहताच होकार कळविला होता. त्या पायरीवर गेल्या आणि म्हणाल्या, "काकू, चूक माझी. उठा ना."

"नीट पाहिलंस? वाटीवर नाव उलटं आहे?"

"उलटं आहे. आईचं."

"मग तुझ्या आईचं नाव उलटं करून मेजामेजावर मिरवलंस की गं," काकू म्हणाल्या, आणि हसल्या, आणि पदर खोचून आत गेल्या.

आत्याबाई वरमल्या, परंतु आत्याबाईच त्या, म्हणाल्या, "ते राहू दे. आता चित्रांवर माझा विश्वास नाही. तोंडानं सांगा, काय आहे?"

बाळकोबांनी दाजीसाहेबांकडे पाहिले. दाजीसाहेबांनी मान हलविली. ताईसाहेबांनी कोनाड्यातील फडके आणून स्वहस्ते बाळकोबांच्या खांद्यावर ठेविले. मग बाळकोबांनी श्वास घेतला आणि थालीपिठापासून सुटले ते एकतिसाव्यावर येऊन थांबले. चौदाही मेजांवरचे फोन खाली आले.

"पिठलं आहे?" आत्याबाई म्हणाल्या. "मग चित्रात कसं नाही?"

"आहे की. तिसरं पान."

त्यांनी पान उलटिले. "हे पिठलं होय? मला वाटलं, भिंतीला कुठला रंग द्यावा ते दाखवलंय."

सारी पंक्त हसली आणि बावीसही माणसांनी पिठलं-भाकरी मागविली. जाते समयी आत्याबाई मुदपाकखान्याच्या दारी उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, आमच्याकडच्या लग्नाचं तुम्हीच बघा." काकू म्हणाल्या, "आधी ताट बघून घ्या, नाहीतर पुन्हा ओरडाल."

येणेप्रमाणे चित्रांचे प्रकरण तडीस गेले. चित्रे राहिली, कारण परक्या मुलुखीच्या माणसास त्यांचा उपयोग आहे. थाळी सरळ छापविली आणि वाटीवरचे नाव आता वाचता येते. बाळकोबा मेजांमध्ये राहिले. पिठल्याची तसबीर मात्र ताईसाहेबांनी काढून टाकिली, तेथे रिकामी चौकट ठेवून खाली लिहविले, "याचे चित्र निघत नाही. बाळकोबांना विचारा." बखरकाराने पडताळा पाहण्यास्तव दुसरे दिवशी विचारिले. बाळकोबांनी खुर्ची ओढिली, फडके सावरिले आणि फोडणीपासून आरंभ केला. घड्याळ लाविले होते. एकट्या पिठल्यास नऊ मिनिटे लागली, आणि तोवर मुदपाकखान्यातले पिठले संपले.