पहिल्या बैलाचं नाव

राठोड सरांना फोन केला की ते ‘हॅलो’ म्हणत नाहीत. ‘खूण सांगा,’ म्हणतात.

पुसदच्या आमच्या कॉलेजात ते नेटवर्किंग आणि सायबर सुरक्षा शिकवतात. मी त्यांच्या लॅबची सहाय्यक. म्हणजे राउटरवरची धूळ पुसणं, केबली मोजणं आणि सरांना सहन करणं ही तिन्ही कामं माझ्याकडे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना फोन करून विचारलं, ‘सर, लॅबची किल्ली कुठंय?’ तर म्हणाले, ‘तुमी मॅडमच कशावरून?’ मी वैतागून म्हटलं, ‘तुमच्या मागं दारात उभी आहे, वळून पाहा.’ त्यांनी वळून पाहिलं, नीट निरखलं आणि फोनमध्येच म्हणाले, ‘ठीक हाय. पण आता एक खूण ठरवून घ्या.’ तेव्हापासून माझी खूण ‘वांग्याची भाजी’ आहे.

त्यांचं म्हणणं एवढंच की आवाजावर, नंबरावर, फोटोवर भरवसा ठेवायचा नाही. ‘फायरवॉल कितीबी मजबूत लावा, आतला माणूस घाबरला का सोताच दार उघडून देते. घाबरला तो गेला!’ हे शेवटचं वाक्य ते दिवसातून दहादा म्हणत. वर्गात त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, ‘जो मले फसवून दाखवीन, त्याले टर्मवर्कचे पूर्ण मार्क.’ मागच्या वर्षी वणीच्या एका मुलीनं परीक्षा विभागातून बोलतेय असं सांगून त्यांच्याकडून अर्धी जन्मतारीख काढली होती. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी अख्ख्या वर्गाला समोसे खाऊ घातले.

घरच्यांचीही सुटका नव्हती. रोज पाच वाजता त्यांच्या आईचा फोन यायचा. ती ढाणकीजवळच्या तांड्यावर थोरल्या मुलाकडे राहायची. सर विचारायचे, ‘याडी, आपल्या पहिल्या बैलाचं नाव काय?’ त्यांच्या बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. पलीकडून ‘हरण्या!’ असा आवाज यायचा, तो मला माझ्या टेबलावर ऐकू येई. मग कुठं मायलेकरांचं बोलणं सुरू. मला याचा फार राग यायचा. एकदा बोललेच, ‘सर, आईला तरी सोडा.’ ते केबल गुंडाळत म्हणाले, ‘रोज विचाराच लागते, मॅडम.’ अलीकडे ते ‘हरण्या’ यायला जरा वेळ लागायचा. मला वाटायचं, रेंज नाही.

अंतिम प्रात्यक्षिकाचा दिवस. बाहेरचे परीक्षक खुर्चीत बसलेले. सगळ्यांचे मोबाइल पत्र्याच्या डब्यात कुलूपबंद, सरांचासुद्धा. नेटवर्कमध्ये कोण घुसलंय ते पोरांनी दीड तासात शोधायचं होतं. तेवढ्यात लॅबचा फोन वाजला. मी उचलला. एक बाई रडत होती. मी रिसीव्हर सरांना दिला.

‘खूण सांगा,’ सर म्हणाले.

‘कायची खूण भाऊजी! याडी सकाळपासून दिसून नाही राह्यली! वावर पाहिलं, विहीर पाहिली...’

सरांनी वर्गावर नजर फिरवली. एकेक चेहरा पाहिला. मग शांतपणे फोन ठेवला.

‘मस्त जमवलं पोराइनं,’ ते परीक्षकांना म्हणाले. ‘वैनीचा आवाज, विहीर, सगळं. पण खूण नाही. घाबरला तो गेला.’

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. कुणीच हसेना. मी म्हटलं, ‘सर, खरं असलं तर?’

‘खरं वाटावं म्हणूनच तर करतेत, मॅडम.’

पण त्यांच्या हातातला खडू दोनदा खाली पडला. डब्याच्या कुलपाकडे ते सारखे बघत होते आणि किल्ली खिशात असून काढत नव्हते. दहा मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. या वेळी मी तो कुणाला दिला नाही. आणि ज्या प्रश्नाचा मला दोन वर्षं राग येत होता, तोच माझ्या तोंडून निघाला, ‘वहिनी, पहिल्या बैलाचं नाव सांगा.’

‘हरण्या! हरण्या म्हना त्याइले! चार महिन्यापासून याडी सारं विसरून राह्यली, त्याइले ठाव हाय ना!’

मी सरांजवळ जाऊन हळूच म्हटलं, ‘हरण्या.’

माणसाचा चेहरा इतक्या झटकन उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. ते डबा तसाच टाकून पळाले. परीक्षक म्हणाले, ‘जा तुम्ही, मी बघतो इथलं.’ मी मागोमाग धावले.

आम्ही गेटवर पोचलो, तर बाहेरच्या कडुनिंबाखाली एक म्हातारी गाठोडं मांडीवर घेऊन, मुठीत एसटीचं तिकीट धरून बसलेली. वॉचमन अभिमानानं पुढं आला. ‘सर, दोन घंटे झाले, पन सोडली नाही आत. आयडी नाही. परसूले भेटाचं म्हनते. म्या म्हटलं, आजी, अठी कोनी परसू नाही. तुमीच सांगतलं होतं ना, ओळखीबिगर कोनाले सोडाचं नाही.’

पी. एल. राठोड यांना परसू म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते दोन तास त्यांच्याच नियमानं गेटबाहेर बसलं होतं.

सर तिच्यासमोर खाली बसले. तिनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि घाईघाईनं हात वर केला. ‘थांब, सांगते. बैलाचं नाव सांगते.’ तिची बोली रोज ऐकून मला समजायला लागली होती. ती आठवत राहिली. मग म्हणाली, ‘ढवळ्या.’ आणि भीत भीत विचारलं, ‘बरोबर आहे ना? आता सोडतील मला आत?’

चुकीच्या पासवर्डला तीन संधी आणि मग दार बंद, असं वर्षानुवर्षं शिकवणारा तो माणूस. त्यानं तिचे दोन्ही हात धरले.

‘बरोबर हाय, याडी. एकदम बरोबर.’

मला भर रस्त्यात रडू आलं. गेले चार महिने ते रोज विचारत होते, ते पहारा म्हणून नव्हतं. आज आई किती शिल्लक आहे, ते बघत होते.

आता याडी पुसदलाच असते, सरांकडे. पाच वाजता सर लॅबमधून घरी फोन लावतात. कधी हरण्या असतो, कधी ढवळ्या. काल बैलाचं नाव परसू होतं. ‘बरोबर हाय,’ सर म्हणाले. मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी एक केबल उगाचच उलगडून पुन्हा गुंडाळली.

‘पासवर्ड बदलत राह्यला पाहिजे, मॅडम,’ ते म्हणाले. ‘मीच शिकवतो ना.’